पाच तारखेचे दोन हजार

कुणी बिल दिलं की निशिगंधा आधी देणाऱ्याच्या तोंडाकडं बघायची आणि मग आकड्याकडं. राजारामपुरीतल्या औषधांच्या एका होलसेल दुकानात तिनं बावीस वर्षं माल तपासायचं काम केलं होतं. खोक्यावर बारा लिहिलंय म्हणून आत बारा असतातच असं नाही, आणि बारा असले तरी त्यातली एखादी बाटली मुदत संपलेली निघते, हे ती तिथं शिकली आणि घरी घेऊन आली. गॅसची टाकी आली की दारातच वजन करायला लावायची. अंडी पाण्यात सोडून बघायची. इस्त्रीला गेलेल्या कपड्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असायची. अपार्टमेंटमधल्या बायका तिच्यामागं तिला 'चेकपोस्ट' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. नाव बरोबरच ठेवलंय, असं तिचं मत होतं.

फक्त एका माणसाला तिनं कधी तपासलं नव्हतं. उदयसिंह, तिचा नवरा. पाटबंधारे खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, बोलायला कमी, चालायला सावकाश. त्याचा पगार आणि नंतर पेन्शन दोघांच्या नावावरच्या खात्यात जमा व्हायची आणि त्या खात्याचं पासबुक वर्षातून एकदा भरून आणलं जायचं. त्याच्या खिशात ती हात घालायची ती पँट धुवायला टाकताना. नोट सापडली तर टेबलावर ठेवायची, किती आहे ते न बघता. दिवसभर सगळं मोजणाऱ्या बाईला कुठंतरी न मोजता टेकायला जागा लागते. तिची जागा ती होती.

गौरी-गणपतीला त्यांची मुलगी स्वप्नाली पुण्याहून आली आणि आईची हिशेबाची वही बघून हसली.

"आई, हे आता लॅपटॉपवर लिही. हे बघ, डावीकडं तू लिहिलेल्या नोंदी. उजवीकडं बँकेतून आलेल्या. दर रविवारी बँकेचं स्टेटमेंट उतरवून घ्यायचं आणि इथं टाकायचं. रक्कम आणि तारीख जुळली की हा स्वतःच जोडी लावतो. तू नुसतं हो म्हणायचं. हो म्हटलं की हिरवं. जोडी सापडली नाही तर पिवळं."

"आणि त्यानं चुकीची जोडी लावली तर?"

"तुझ्यापुढं त्याची काय बिशाद!"

स्वप्नालीनं गेल्या वर्षीच्या एप्रिलपासूनचं स्टेटमेंट आत ओढून दिलं आणि ती पुण्याला गेली. निशिगंधानं पंधरा दिवस बसून वहीतल्या दीड वर्षाच्या नोंदी भरल्या. मग जोड्या लावायला घेतल्या. वीजबिल, हिरवं. सोसायटीचा मेंटेनन्स, हिरवं. एकदा सांगितलं की ते यंत्र नाव लक्षात ठेवायचं आणि पुढच्या महिन्यात आपणच सुचवायचं, हे वीज, हे केबल. सुचवलेलं तिनं एकदाही वही बघितल्याशिवाय मान्य केलं नाही.

गेल्या वर्षीच्या जुलैतली चाळीस हजारांची नोंद तेवढी तिनं पटकन हिरवी केली. ती रक्कम तिला तोंडपाठ होती. आक्का, म्हणजे तिच्या सासूबाई, उत्तरेश्वर पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मुलाच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये शेजारणी दारं लावून बसतात म्हणून त्यांना तिथं करमायचं नाही. उदयसिंह त्यांना महिन्याला तीन हजार नेऊन द्यायचा, निशिगंधाच्या देखत. जुलैत निशिगंधाचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. त्याच सुमाराला स्वप्नालीच्या फ्लॅटला पैसे देऊन घर रिकामं झालं होतं, आणि दुखणं दाबून धरून, दिवाळीनंतर बघू, असं निशिगंधा म्हणत होती. एका दुपारी आक्का रिक्षानं आल्या. कापडी पिशवीतून पाचशेच्या ऐंशी नोटा काढून त्यांनी पलंगावर ठेवल्या. "घे. पोट कापून घे आधी, मग बोल," एवढंच म्हणाल्या. निशिगंधानं नोटा त्यांच्यासमोर मोजल्या, दोनदा. मनात म्हणाली, तीन हजारांतून एवढे साठत असतील तर तीन हजार जास्तच होत होते. दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत भरले आणि वहीत लिहिलं, 'आक्कांकडून, घरचेच परत.'

नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, आक्का गेल्या. वहीतली दरमहा तीन हजारांची ओळ थांबली.

आणि डिसेंबरपासून पिवळ्या ओळी सुरू होत होत्या.

दोन हजार रुपये, पाच डिसेंबर, मीनाबाई. निशिगंधाला वाटलं, असेल काहीतरी. दोन हजार, पाच जानेवारी, संयोगिता. दोन हजार, पाच फेब्रुवारी, कुणी लता. मार्चच्या दोन हजारांना यंत्रानं आपल्या अकलेनं जोडी सुचवली होती, पुतणीच्या लग्नातला आहेर. रक्कम तीच, तारखेत दोनच दिवसांचा फरक. निशिगंधानं आहेर पाकिटात घालून रोख दिला होता, पाकिटावर नाव तिनंच लिहिलं होतं. तिनं जोडी तोडली. ओळ पुन्हा पिवळी झाली आणि नाव वर आलं, कुणी सुरेखा.

इतर सगळ्या हप्त्यांची नावं यंत्र लक्षात ठेवत होतं. हा एकच पैसा असा की रक्कम तीच, तारीख तीच, आणि दर महिन्याला बाई नवी. सप्टेंबरपर्यंत दहा महिने. दहा बायका.

तिनं फोन लावला. "स्वप्ने, बँकेत कुणी चोरी करतंय का बघ."

स्वप्नालीनं ऐकून घेतलं. "आई, हे बाबांच्या फोनवरून गेलेत. बाबांनाच विचार की."

"विचारतो. विचारल्यावर खरं सांगतील याची काय गॅरंटी?"

"बाबा? आणि खोटं? आई, लपवायचं असतं तर रोख दिले असते ना त्यांनी."

"चोर हुशार असतो हे कुणी सांगितलं तुला?"

"मी हे तुझ्या डोक्याला शांती मिळावी म्हणून टाकून दिलं होतं," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

निशिगंधानं विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि एकदा उत्तर आलं की ते खोटं आहे की खरं, हे बघत उरलेलं आयुष्य काढायचं. त्यापेक्षा आधी सगळं हातात असलेलं बरं. दर पाच तारखेला उदयसिंह चारच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा. "पेन्शनरांची मीटिंग हाय," म्हणायचा. खालच्या मजल्यावर त्याच्याच खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. जिन्यात त्यांच्या बायकोला निशिगंधानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय ओ, या पाच तारखेला तुमचे हे जाणार मीटिंगला?"

"कसली मीटिंग? ती रविवारी असते. आणि आमचे हे तर गुडघ्यामुळं सहा महिने गेलेच न्हाईत."

निशिगंधा वर आली आणि तिनं वही उघडली, जुनीच, कागदाची. तिच्यात एक कोपरा भाकरींचा होता. रात्री किती केल्या, किती उरल्या, पीठ किती लागतं ते कळावं म्हणून. ती बोट फिरवत गेली. पाच मार्च, एक उरली. पाच मे, दोन. पाच जुलै, एक. मधल्या तारखांना शून्य. म्हणजे हा माणूस पाच तारखेला कुठंतरी खाऊन येत होता. इतकी वर्षं तिनं भाकरीचं पीठ सांभाळलं होतं.

आठवडाभर ती त्याच्याशी नेहमीसारखीच वागली. चहात साखर तेवढीच घातली. पण तो पेपर वाचताना ती त्याच्याकडं आडून बघायची, आणि एकोणतीस वर्षांत न दिसलेलं काहीबाही तिला दिसायचं. केस मागं वळवायची ही तऱ्हा आधी होती का? फोन उताणा ठेवायचा की पालथा? एकदा त्याची पँट मशीनमध्ये टाकताना तिनं चारही खिसे उलटे केले, आणि शिवणीतल्या धुळीशिवाय काही सापडलं नाही तेव्हा तिला रडू आलं. काही सापडलं असतं तर कदाचित आलं नसतं. बाहेरच्या सगळ्यांवर संशय घेऊन ती ज्या जागी येऊन टेकायची, तिथंच आता खिसे उलटे करून उभी होती.

पाच ऑक्टोबरला उदयसिंह चारला निघाला. निशिगंधा सव्वाचारला. चौकात तो सिटी बसमध्ये चढताना दिसला आणि तिनं रिक्षाला हात केला.

"त्या बसच्या मागनं चला."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मालक हायत व्हय बसमधी?"

"तुम्ही समोर बघा."

"बघतो की. माझ्या बायकोनंबी एकदा असंच केलंतं. मीटर तेवढा माझाच वापरला."

बस ज्या थांब्यावर थांबली तिथून उदयसिंह पायी निघाला. निशिगंधानं रिक्षा सोडली आणि लांबून चालत राहिली. वाटेत त्यानं अर्धा डझन केळी घेतली. मग तो वळला तेव्हा तिला रस्ता ओळखीचा वाटला, आणि आणखी एक वळण घेतल्यावर तर अगदीच ओळखीचा. आक्कांची गल्ली. आक्कांच्या खोल्यांना आता दुसऱ्याचं कुलूप होतं. तो त्यांच्यासमोरून गेला, जरा थबकला आणि पलीकडच्या घराचा जिना चढला.

जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. सगळ्या बायकांच्या. एका कडेला, व्यवस्थित जोडून ठेवलेल्या, उदयसिंहच्या.

वरून हसण्याचा आवाज आला. निशिगंधा जिना चढली. दार उघडंच होतं. सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्या मधोमध उदयसिंह मांडी घालून, मांडीवर भेळेची ताटली, नाकावर चष्मा, आणि कुणाचातरी बँकेचा फॉर्म भरत होता.

"इथं अंगठा न्हाई चालत, मीनाबाई, सहीच पायजे," तो म्हणत होता.

तेवढ्यात त्यानं वर बघितलं. ताटली कलंडली.

"अगं बया, आक्कांच्या सूनबाई!" भिंतीला टेकून बसलेली एक जाडजूड म्हातारी म्हणाली. ती शालूबाई, आक्कांची शेजारीण. आक्कांच्या बाराव्याला निशिगंधानं तिला बघितलं होतं. "या, या. आज जोडीनं व्हय? पण एका नंबराला दोन ताटल्या मिळायच्या न्हाईत हं, आधीच सांगतो!"

बायका हसल्या. निशिगंधा हसली नाही. "कसला नंबर?" तिनं विचारलं.

हसणं हळूहळू थांबलं. ज्यांचं घर होतं त्यांची तरुण सून, साक्षी, भेळेचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. शालूबाईनं उदयसिंहकडं बघितलं.

"सांगिटलं न्हाईसा?"

उदयसिंह सतरंजीवर सांडलेले चुरमुरे गोळा करत होता.

"भिशी हाय, सूनबाई," शालूबाई म्हणाली. "वीस बायका, म्हैन्याला दोन हजार. जिची पाळी तिच्या घरात जमायचं, तिच्या फोनवर पैसं टाकायचं, तिनं खायला घालायचं. वीस म्हैन्यात समद्यांची एकेकदा होती. आक्का पैल्यापास्नं हुती आमच्यात."

"आक्का जाऊन वर्ष होत आलं."

"व्हय की. पण आक्कानं आधीच उचललीती." शालूबाईनं आवाज खाली आणला, जणू आक्कांना ऐकू जाईल. "बाकीच्यांच्या चिठ्ठ्या निघत्यात. गरज आसंल तिनं मागून घ्यायची. गेल्या वर्सी जुलैत आक्का हितंच बसलीती. म्हटली, ह्या म्हैन्याला मला द्या, माझ्या सुनंचं पोट कापायचं हाय. चाळीस हजार. मी म्हटलो, सुनंला सांग तरी. तर म्हटली, नगं बाई, उसनं हाय म्हटलं की ती ऑपरेशन फुडं ढकलतीया, तिला मी वळखतो."

निशिगंधाला पलंगावरच्या ऐंशी नोटा आठवल्या. आणि आपल्या बोटांना थुंकी लावून केलेली मोजणी.

"आठ हप्तं तिनं भरलं," मीनाबाई म्हणाली. "मग गेली. बारा ऱ्हायलं. आमी बाराव्याला आलोतो ते विचारायलाच, खोटं कशाला बोला. पर तोंडातनं शबुद निघंना. कागुद न्हाई, सई न्हाई, नुस्तं तोंडानं चालतंय हे. मेलेल्या बाईच्या दारात काय मागायचं? तर ह्यांनीच आमाला इचारलं, माझ्या आईचं काय ऱ्हायलंय का म्हणून."

"पैसे घरातनं पाठवले असते तरी चाललं असतं," निशिगंधा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा कडक निघाला.

"न्हाई चालत," शालूबाई म्हणाली. "न्हाई आलं की पन्नास रुपय दंड. नियम म्हंजे नियम. मग हे यायला लागलं. आता आमच्या समद्यांची कागदं हेच भरत्यात."

साक्षीनं एक ताटली निशिगंधापुढं धरली. निशिगंधानं ती घेतली, कारण तेवढ्या बायकांपुढं उभं राहून नाही म्हणणं तिला जमलं नाही. भेळ तिखट होती. डोळ्यांत पाणी आलं त्याला ते कारण पुरलं.

परतताना दोघं एकाच रिक्षात बसली. बसचा थांबा मागं पडला. मग निशिगंधाच म्हणाली, "मला सांगायला काय झालंतं? मी खाल्लं असतं तुम्हाला?"

उदयसिंह बाहेर बघत होता. "तू वहीत लिहिलंतंस, घरचेच परत म्हणून. मी वाचलंतं. ऑपरेशन झाल्यावर दोन दिवसांनी, औषधाचं बिल शोधताना." त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. "आईला ते कळलं न्हाई ते बरं झालं. मग तुला तरी कशाला कळवायचं?"

रिक्षाचं मीटर निशिगंधानं उतरताना दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी आवरून तिनं लॅपटॉप उघडला. दहा पिवळ्या ओळी होत्या, आता अकरा झाल्या. ती त्यांच्याकडं गेली नाही. ती वर वर सरकत गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत गेली आणि चाळीस हजारांच्या हिरव्या ओळीवर थांबली. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, बँक बरोबर. सव्वा वर्षं चूक असलेली नोंद ती एवढी एकच होती, आणि ती यंत्राची नव्हती.

तिनं जोडी तोडली. 'घरचेच परत' पुसलं. नवं खातं उघडलं, 'आक्का, देणे'. चाळीस हजार तिथं टाकले. मग एकेक पिवळी ओळ उचलून त्या देण्यात भरत गेली. मीनाबाई, संयोगिता, लता, सुरेखा. अकरा ओळी, बावीस हजार. पुढच्या महिन्याचे शेवटचे दोन हजारही तिनं आधीच लिहून ठेवले. सगळं हिरवं झालं, आणि तरी खात्याखाली आकडा उभा राहिला. सोळा हजार.

तिनं पुन्हा बेरीज केली. चूक नव्हती. आठ हप्ते आक्कांनी स्वतःच्या पिशवीतून भरले होते. तीन हजारांतून, ज्यात औषधं होती, जुन्या खोल्यांचं किरकोळ भाडं होतं आणि नातीला द्यायची पाकिटं होती.

रात्री स्वप्नालीचा फोन आला. निशिगंधानं तिला सगळं सांगितलं, मधला रडण्याचा भाग सोडून.

"मग ते सोळा हजार बुडीत म्हणून टाक, आई. खालती एक पर्याय आहे. सोडून दिले असं लिहायचं, खातं बंद होतं."

"सोडायचं कुणी? ज्याचं येणं त्यानं सोडायचं. देणं माझं हाय. माझं मीच सोडून दिलं, असं लिहू?"

"मग काय करणार? आज्जी तर नाहीत."

"बघतो," निशिगंधा म्हणाली. पलीकडं उदयसिंह भाकरी मोडत होता. आज एकही उरली नाही.

सकाळी तिनं उदयसिंहच्या फोनमधून शालूबाईचा नंबर घेतला, त्याच्यासमोर, त्याला विचारून.

"शालूबाई, मी निशिगंधा. पुढच्या पाच तारखेला मी येतो. शेवटचा हप्ता माझ्या हातनं. ह्यांना घरी ठेवणार हाय."

"या की. पर फॉर्म घिऊन बसल्यात बायका, तुमच्या मालकास्नी बी लावून द्या."

"आणि त्यानंतर नवी भिशी धराल न्हवं? त्यात आक्कांचा नंबर तसाच ठेवा. हप्ते मी भरतो. आलेल्यातले सोळा हजार आक्कांच्या नावानं गल्लीतल्या बायकांच्या दवापाण्याला ठेवायचे. कुणाला कसे द्यायचे ते तुम्ही ठरवा."

"बरं. मग कितवा नंबर धरू? तुमाला गडबड आसंल तर पैला मागून घ्या."

निशिगंधानं आयुष्यात भिशी लावली नव्हती. एकोणीस बायकांवर विश्वास ठेवायचा, कागद नाही, सही नाही, हे तिला कधी पटलं नव्हतं. पहिला नंबर घेणाऱ्याला विश्वास ठेवावा लागत नाही, त्याच्यावर बाकीच्यांनी ठेवायचा. वीस महिने थांबणाऱ्याचं तसं नसतं.

"शेवटचा," ती म्हणाली.

"शेवटचा?" शालूबाईचा आवाज एकदम सावध झाला. "शेवटचा नंबर कोण मागून घेतंय व्हय? का ओ, काय भानगड हाय?"